सत्तेचाळीस नंबरचं करडू

सातारा
१८ ऑगस्ट १९९७

ति. सोपानकाका,
जयभीम.

बोरमाळहून आणलेलं रक्त तपासून झालं. चौदा करडं आणि त्यांच्या आया, सगळ्यांचं. वीज सारखी जाते म्हणून आठवड्याच्या कामाला महिना लागला. यंत्र मध्येच बंद पडलं की सगळं पहिल्यापासून करायचं. मान आणि डोळे दोन्ही गेलेत. पण तुमच्या नोंदवहीचं साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. पाच गावांत अशी वही नाही म्हणाले. काका फौजेत हवालदार होते असं सांगितलं तर म्हणाले, "तरीच."

काकू विचारत होत्या की रक्तात एवढं बघतेस तरी काय. त्यांना सांगा, काही करडं भराभर वाढतात, काही रडतखडत, चारा सारखा असला तरी. हा गुण आईबापाकडून येतो हे काकूंना माझ्या आधीपासून माहीत आहे. आम्हाला तो करडू लहान असतानाच ओळखायचा आहे. रक्तातला डीएनए जेलीसारख्या थरात सोडला की पट्टे उमटतात. त्यातला एक पट्टा चांगल्या वाढीच्या करडांत जास्त दिसतोय. आम्ही त्याला नुसतं 'खूण' म्हणतो. पाच गावांच्या एकसष्ट करडांत खूण असलेली करडं सहाव्या महिन्यात सरासरी दोन किलोनं भारी भरली. हे पक्कं झालं तर कुठला बोकड पैदाशीला ठेवायचा ते आठवड्याभराच्या करडावरून सांगता येईल.

आता अडचण. बनूबाईंच्या शेळीचं सत्तेचाळीस नंबरचं करडू साडेएकोणीस किलो भरलं, पाच गावांत सगळ्यांत भारी. खूणही आहे. आमचं शेळी संशोधन केंद्र त्याला पैदाशीसाठी विकत घेणार, तसं पत्र बनूबाईंना जाईल. पण त्याच्या आईत, म्हणजे बारा नंबरच्या शेळीत, ती खूण नाही. बाप आमच्याच केंद्राचा बोकड, त्याच्यातही नाही. पोराकडे जे येतं ते या दोघांकडूनच येतं. मग हे आलं कुठून?

त्या दिवशी तुम्ही शेळ्या धरत होता आणि मी नळ्यांवर नंबर लिहीत होते. माझ्याच हातून नळ्यांची अदलाबदल झाली का? वहीत क्रम बघून कळवा.

तुमची
माया

*

बोरमाळ, ता. आटपाडी
३ सप्टेंबर १९९७

चि. माया,
जयभीम.

पत्र पोचलं. इकडे पावसानं पाठ फिरवली आहे. टँकर एक दिवसाआड येतो आणि आला की बायकांची भांडणं ऐकत बसायची, एवढीच करमणूक. शेळ्यांना बाभळीच्या शेंगा आणि शेवरीचा पाला. माझा उजवा गुडघा आता पेन्शनीत निघाला आहे.

वही तपासली. क्रम बरोबर आहे. बारा नंबर, बनूबाई, एक करडू, नर, वजन एक किलो सातशे. अक्षर माझं, सही माझी. तुमच्या यंत्रातच काही घोळ असेल. दिवसातून चार वेळा वीज गेली तर माणसाचंही डोकं ठिकाणावर राहत नाही.

बनूबाईला केंद्राचं पत्र मिळालं. ती शेळी तिची स्वतःची नाही, हे तुला ठाऊक नसेल. कडेगावच्या मानसिंगची, तिच्या चुलत दिराची आहे, अर्धलीनं दिलेली. म्हणजे एका वेताची करडं मालकाची, पुढच्या वेताची सांभाळणारीची. हे वेत तिच्या पाळीचं होतं. पत्र हातात घेऊन ती सगळ्या गावाला दाखवून आली. नवरा गेल्यापासून दर साल ऊस तोडायला जाते. परवा दारात उभी राहून म्हणाली, "सोपानभाऊ, औंदा कोयता आढ्याला खोचून ठिवला. न्हाई जायाची आता."

तेव्हा तू त्या एका करडाच्या मागं लागू नको. बाकीची साठ आहेत की.

तुझा
सोपानकाका

*

सातारा
२५ सप्टेंबर १९९७

ति. काका,
जयभीम.

साठ आहेत, पण त्या साठांचं काय होणार ते ऐका.

मी सत्तेचाळीसची तपासणी तीन वेळा केली. तिन्ही वेळा तेच. साहेबांना दाखवलं. ते शांतपणे म्हणाले, "यंत्र चुकत नाही, माणसं चुकतात. नळ्या कुणी भरल्या?" मी म्हटलं, मी. "मग एक नळी चुकली असेल तर बाकीच्या बरोबर आहेत हे कशावरून?" आता ते बोरमाळची चौदाच्या चौदा करडं अभ्यासातून काढायची म्हणतात. एकसष्टांतून चौदा गेली की सत्तेचाळीसच करडं उरतात, आणि तेवढ्यांवर खुणेबद्दल काही ठाम सांगता येत नाही. दोन वर्षांचं काम गेलं म्हणायचं. माझी ऑर्डर सहा-सहा महिन्यांची असते. ही एकतीस डिसेंबरला संपते. पुढची मिळेल असं आता कुणी बोलत नाही. डब्याच्या वेळी सगळे उगाच हवापाण्याच्या गप्पा मारतात.

मला स्वतःचाच भरवसा वाटेनासा झालाय. नळीवर नंबर लिहिते, वाचते, परत वाचते. खोलीचं कुलूप लावून जिना उतरते आणि ओढून बघायला परत वर जाते. अठ्ठाविसाव्या वर्षी म्हातारी झाले, काका.

नळी चुकली नसेल तर एकच शक्यता उरते, की बारा नंबरची शेळी त्याची आई नाही. गोठ्यात करडं मिसळली होती का? काय असेल ते स्पष्ट सांगा. मी रागावणार नाही.

माया

*

बोरमाळ
२० ऑक्टोबर १९९७

चि. माया,
जयभीम.

उत्तराला उशीर झाला. बावीस वर्षं फौजेत काढली, त्यातली नऊ स्टोअरमध्ये. एक कांबळं कधी कमी भरलं नाही. माझ्या गोठ्यात करडं मिसळत नसतात. मिसळली नाहीत.

तुझ्या साहेबांना सांग की सत्तेचाळीस नंबर एकटा काढा आणि बाकीचे ठेवा. एका जवानाची बंदूक साफ नसली म्हणून कुणी अख्खी पलटण घरी पाठवत नाही.

बनूबाईनं त्या बोकडाला आटपाडीच्या बाजारातून नवं दावं आणलं आहे, लाल गोंड्याचं. बाकी ठीक.

सोपानकाका

माया, खाली दोन ओळी मी लिहिते. सातवीपर्यंतचं अक्षर आहे, सांभाळून घे. तुझं पत्र आलं की हे दोन दिवस धड जेवत नाहीत. परवा विहारात सगळे बसले होते, हे बाहेर पायरीवर एकटेच. विचारलं तर अंगावर येतात. तू एकदा येऊन जा. भाकरी-पिठलं करते, तुझ्या मेसमध्ये ते मिळत नसणार. तुझी आक्काताई काकू.

*

सातारा
४ नोव्हेंबर १९९७

काका,
जयभीम.

यायला सुट्टी नाही. आणि खरं सांगायचं तर मनही नाही.

सत्तेचाळीसचे पट्टे मी बोरमाळच्या एकेका शेळीशी ताडून बघितले. रविवारी केंद्र बंद असतं, चौकीदाराला सांगून बसले होते. नऊ नंबरशी तंतोतंत जुळले. एक नाही, तपासलेले पाचही पट्टे. नऊ नंबर म्हणजे तुमची काबरी. वहीत तिला दोन करडं लिहिली आहेत. तिला तीन झाली होती ना? आणि बारा नंबरच्या एकुलत्या करडाचं जन्मवजन एक किलो सातशे लिहिलंत, तेव्हाच मला कळायला हवं होतं. एकटं जन्मलेलं करडू सव्वादोन-अडीच किलोच्या खाली सहसा नसतं. तिळ्यातलं असतं एवढंसं.

म्हणजे बारा नंबरचं करडू मेलं, आणि तुम्ही ते लिहिलं नाही. वहीत 'मृत' नको होतं तुम्हाला. पाच गावांत पहिला नंबर, साहेबांचं कौतुक, एक कांबळं कमी नाही! त्या स्वच्छ वहीपायी तीन महिने मी चोरासारखी वावरतेय. 'मिसळली नाहीत' असं लिहिताना तुमचा हात अडखळला नाही का? तुमच्या मनीऑर्डरींवर मी शिकले, म्हणून तुमच्यावर संशय घ्यायचं माझ्या मनातही आलं नाही. मी स्वतःवर घेतला.

मला लिहून द्या. तारीख, वेळ, काय झालं ते सगळं.

माया

*

बोरमाळ
१६ नोव्हेंबर १९९७

चि. माया,
जयभीम.

लिहून देतो.

तेवीस जानेवारी, सकाळ. बनूबाई तेव्हा कडेगावला ऊसतोडीत होती. तिची शेळी माझ्या गोठ्यात बांधलेली होती, दर साली असते. काबरी पहाटेच व्याली होती, तीन करडं. तिसरं अगदी मुठीएवढं, त्याला सडाशी जागाच मिळेना. तासाभरानं बारा नंबर व्याली. करडू मोठं होतं, अडकलं. आक्कानं आणि मी मिळून ओढलं, तोवर गेलं होतं. मी नाक पुसलं, पायाला धरून झुलवलं, काही उपयोग झाला नाही.

आक्का म्हणाली, "बनूची पाळी व्हती वो ह्या येताला."

मी म्हटलं, "व्हय."

"आता दोन वरसं थांबायचं तिनं? पुढचं येत मानसिंगचं."

आक्कानं काबरीचं तिसरं उचललं, मेलेल्याच्या अंगावरचा ओला जार त्याच्या अंगाला चोळला आणि बारा नंबरच्या तोंडापुढं धरलं. शेळीनं हुंगलं, जरा थांबली, मग चाटायला लागली. असं शेळ्या पाळणारे सगळेच करतात. ज्याची आई जाते किंवा जिचं करडू जातं, त्यांची गाठ घालून द्यायची. जिनं चीक पाजला ती आई. वही उघडली तेव्हा मी हात न अडखळता तेच लिहिलं. तुझ्या अभ्यासाला त्यानं काय होईल हे माझ्या ध्यानातही नव्हतं. मला वाटलं, तुम्हाला वजनं हवीत.

बनूबाईला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं घेतलं नसतं. ती ताठ आहे. आणि आपल्या वस्तीतून फुकट करडू घेतलं म्हणून तिच्या भावकीनं तिला जगू दिलं नसतं. अर्धलीच्या शेळीचं असलं की कुणाचं तोंड उघडत नाही.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच मला समजलं. सांगावं, तर एक तर तुला खोटं लिहावं लागलं असतं, नाहीतर बनूबाईचं करडू जाणार. तिनं तर कोयता खोचून ठेवलेला. दोन्ही नको म्हणून गप्प बसलो आणि तुझं नाव खराब केलं. वहीच्या कौतुकासाठी केलं असं तू लिहिलंस ते फार लागलं. पण तीन महिने तू भोगलंस त्यापुढं ते काहीच नाही. माझं चुकलं, पोरी.

हे पत्रच साहेबांना दाखव.

सोपानकाका

*

सातारा
१ डिसेंबर १९९७

ति. काका,
जयभीम.

मी तुम्हाला जे लिहिलं त्याची मला लाज वाटते. पत्र परत मागवता आलं असतं तर मागवलं असतं.

साहेबांना तुमचं पत्र दाखवलं. त्यांनी पूर्ण वाचलं, घडी घातली आणि विचारलं, "हे तुझे सख्खे काका ना?" मी हो म्हटलं. "पुतणीची नोकरी जातेय म्हटल्यावर कुठलाही काका असं लिहून देईल." मी पाच पट्ट्यांचं सांगितलं. म्हणाले, नळ्याच बदलल्या असतील तर पट्ट्यांनाही अर्थ नाही. नव्यानं रक्त काढू म्हटलं, तर त्यालाही मंजुरी नाही. शेवटी म्हणाले, शेळी सांभाळणाऱ्या बाईनं स्वतः लिहून द्यावं, की हे करडू माझ्या शेळीचं नाही. ते आलं तर चौदाही करडं ठेवतो.

म्हणजे बनूबाईंनी अंगठा उठवायचा की माझं करडू माझं नाही, आणि तो कशासाठी, तर माझी ऑर्डर निघावी म्हणून. मी हे त्यांच्याकडे मागणार नाही. तुम्हीही मागू नका. ज्यांना मुळात माहीतच नाही, त्यांना आता सांगून काय मिळवायचं? चौदा करडं जाऊ देत. मी कंटाळलेय, काका. जानेवारीत सामान घेऊन घरी येते. सांगलीत एखाद्या शाळेत शिकवण्याचं काम मिळेल.

बनूबाईंना काही बोलू नका. शपथ आहे.

माया

*

बोरमाळ
१७ डिसेंबर १९९७

चि. माया,
जयभीम.

शपथ मोडली. दहा दिवस पाळली, मग जमेना.

परवा दुपारी बनूबाईच्या दारात गेलो. ती भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. बोकड शेजारी बांधलेला. मी उभ्यानंच सांगून टाकलं, पहिल्यापासून. तुझ्या नोकरीचंही. तिनं शेंगा फोडायचं थांबवलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला ठावं हाय."

मी म्हटलं, "कवापासनं?"

"चैतात ऊसाकडनं आले तवापासनं. तिगंबी एका चालीनं चालत्यात. तुमच्या काबरीची दोन आन् ह्यो. मागला पाय जरा बाहीर टाकत्यात. शेरडं राखत्यात त्यास्नी एवढंबी कळंना व्हय?"

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी दिलं म्हनून बोलला न्हाईसा, म्या घेतलं म्हनून बोलले न्हाई." मग पुढची शेंग फोडत म्हणाली, "न्हाई बोलले. मला पायजे व्हतं त्ये. ऊसाचं पाचट हाताला लय कापतंय, सोपानभाऊ. वाटलं, एक साल तरी सुटंल."

माया, मी पन्नाशी ओलांडलेला माणूस, पण मला तिथं रडू आलं. मी म्हटलं, बोकड तुझाच राहू दे, लिहूनबिहून काही द्यायचं नाही, माया तसं मागतच नाही. त्यावर ती माझ्यावर खवळली. "तुमची पोरगी शिकलीसवरली, तिच्या पोटावर पाय दिऊन म्या बोकुड इकू? आक्काला बलवा. कागुद आना."

आक्कानं तिच्या सांगण्यावरून कागद लिहिला, तिनं अंगठा दिला. गावच्या पोस्टमास्तरांची साक्षीदार म्हणून सही घेतली. मी नात्यातला, म्हणून माझी घेतली नाही. कागद सोबत रजिस्टर पोस्टानं पाठवतो आहे.

काल सकाळी उठलो तर बोकड आमच्या गोठ्यात काबरीच्या शेजारी बांधलेला. बनूबाई पहाटेच्या ट्रकनं टोळीबरोबर कडेगावला गेली. तिची शेळी गाभण आहे, तीही नेहमीसारखी आमच्याकडेच बांधून गेली. आक्काला काही बोललीसुद्धा नाही. आक्का दिवसभर त्या बोकडाकडे पाठ करून बसली होती.

सोपानकाका

*

सातारा
२० जानेवारी १९९८

ति. काका आणि काकू,
जयभीम.

कागद पोचला. साहेबांनी दोनदा वाचला आणि म्हणाले, "हे आधीच करायला हवं होतं." बाकी काही नाही. बोरमाळची करडं अभ्यासात राहिली. पाच तारखेला मला पुढच्या सहा महिन्यांची ऑर्डर मिळाली. पेढे आणायचा आग्रह झाला, मी बरं वाटत नाही म्हणून सांगितलं.

एक गोष्ट तुम्हाला कळायलाच हवी. सत्तेचाळीस नंबर सरासरीतून काढावा लागला. काबरीच्या दुसऱ्या नरातही तीच खूण आहे, आणि तो पंधरा किलोच आहे. तो भावंडाबरोबर वाटून प्यायला. सत्तेचाळीसला एका शेळीचं सगळं दूध एकट्याला मिळालं. त्याच्या वजनातलं खुणेचं किती आणि काकूंनी लावून दिलेल्या दुधाचं किती, हे आता कुठलंही यंत्र सांगू शकत नाही. बाकीच्या साठांत खूण टिकली, फरक पावणेदोन किलोचा आला. केंद्र बोकड घेणारच आहे, पत्र आता तुमच्या नावानं येईल.

रविवारी मी कडेगावला गेले होते. स्टँडवर विचारत विचारत टोळीच्या खोपटांपर्यंत पोचले. बनूबाई फडात मोळ्या बांधत होत्या. मला बघून कमरेवर हात ठेवून सरळ झाल्या. हाताला चिंध्या गुंडाळलेल्या. मी पाया पडायला वाकले तर मागे सरकल्या.

"नोकरी ऱ्हायली न्हवं?"

"राहिली."

"मग झालं."

मी बोकडाचं बोलले. काका त्याचे पैसे स्वतःला ठेवणार नाहीत, तुम्हीच घ्या, असं म्हटलं. त्यांनी मोळीची गाठ आवळली आणि म्हणाल्या, "तुज्या काकाला म्हनावं, उपकार लय झालं. माजी शेळी म्होरल्या म्हयन्यात व्याईल, त्ये येत मानसिंगचं. त्याच्या म्होरलं माजं. तवा करडू जगलं तर जगलं लिवा, मेलं तर मेलं लिवा. माज्या वाट्याचं काय आसंल त्ये मला घिऊ द्या." मग मुकादम ओरडला आणि त्या परत पाचटात वाकल्या. मी बांधावर बराच वेळ उभी राहिले. त्यांनी परत वर बघितलं नाही. परतीच्या एस्टीत मला रडू आवरेना, शेजारची बाई विचारत राहिली, घरी कुणी गेलं का म्हणून.

काका, बोकड द्यायचा की ठेवायचा ते तुम्ही ठरवा, मला त्यातलं काही कळेनासं झालंय. मला जेवढं करता येत होतं तेवढं मी आज केलं. केंद्राच्या रजिस्टरमध्ये बारा नंबरची ओळ खोडली आणि खाली नव्यानं लिहिली. तेवीस जानेवारी १९९७, सांभाळणार बनूबाई, एक करडू, मृत. मेलेलं नर की मादी, ते तुम्ही पत्रात लिहिलं नव्हतंत. काकूंना आठवत असेल तर कळवा, तो रकाना मी मोकळा ठेवला आहे.

तुमची
माया